तुरा

जांबोटीत आमच्या गुंडूमामाकडे एक कोंबडा होता.
तुरा असा, की बाजारात पानावर ठेवला असता
तर कुणीही किलोचा भाव विचारला असता.
पाठीवर तांबं, शेपटीत मोरचूद,
आणि चाल अशी, जणू सगळ्या गल्लीचा उतारा
त्याच्याच नावावर.

ओलमणीचे, कणकुंबीचे लोक
टोपलीत तलंगा घालून आणायचे.
मामा पैसे घेत नसे, चहा पाजत असे,
आणि कोंबड्याकडे बघायचा
स्वतःचाच लग्नातला फोटो बघावा तसा.

त्या साली एकवीस दिवस झाले, बाविसावाही.
मामीनं एकेक अंडं चिमणीच्या उजेडात धरलं.
आत ना लाल दोरा, ना ठिपका.
"गार हाईत सगळी," ती म्हणाली.
मामानं शिव्या घातल्या
कोंबडीला.

आता मी टिळकवाडीत एका लॅबमध्ये बसते.
पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत,
लाज तेवढी मराठीत, खालच्या पट्टीत:
"मॅडम, डबी कुठं ठेवू?"
काचेवर थेंब. बारीक चौकोनांत मी मोजते
किती आहेत, किती पळतात,
किती नुसतेच जागच्या जागी शेपूट आपटतात.

बाहेरच्या बाकावर एकाच्या गळ्यात वाघनखाचं लॉकेट,
बोटात बुलेटची किल्ली, मिशीला पीळ.
शेजारी उचगावचा एक, इस्त्री नसलेला,
भिंतीवरचं कॅलेंडर तिसऱ्यांदा वाचणारा.
दोघांचे आकडे मी सांगणार नाही.
तुम्हाला वाटतंय तसे ते नव्हते.
उलटेही नव्हते.

मध्यंतरी धारवाडची चेतना हुक्केरी यायची,
पाखरांवर अभ्यास करणारी.
तिचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेला होता, म्हणून आमचा.
"अक्का," म्हणायची, "रंग म्हणजे नुसता नट्टापट्टा नव्हे.
ज्या रसानं चोच पिवळी होते
तोच आत बीजाला गंजू देत नाही, असं म्हणतात.
मादी रंग बघते ती त्यासाठी."
मग?
"मग काय. काही पाखरांत जुळतं, काहींत नाही.
काही तर असलं नसलं सगळं पिसांवरच उधळतात
आणि मडकं रिकामं."
काच पुसता पुसता हसली.
"मादीकडं कुठं मायक्रोस्कोप असतोय, अक्का."

खिडकीबाहेर जास्वंदीवर जांभळा शिंजीर येतो.
पाऊस संपला की त्याचा रंग उतरतो,
छातीवर एक काळी पट्टी उरते,
ऑफिस सुटल्यावर सैल केलेल्या टायसारखी.
चेतना म्हणाली, तेव्हा आतलंही आक्रसून
मोहरीएवढं होतं.
दुकान आणि पाटी, दोन्ही एकदमच बंद.
कुणी त्याला नावं ठेवत नाही.

मामाला मूल झालं नाही.
मामीनं माउलीची ओटी भरली, सौंदत्तीला जाऊन आली,
कुणी सांगितलेला पाला वाटून पिऊन पिऊन
एकदा तर जिवावरच बेतलं.
मामाला कुणी डबी दिली नाही.

मामा गेल्यावर एकदा ती लॅबमध्ये आली,
साखर तपासायला.
दुपार होती, गर्दी नव्हती.
"काय बघूलालीस गं रोज त्यात?"
टाकून द्यायची एक काच होती, बिननावाची. लावून दिली.
तिनं एक डोळा मिटला,
चिमणीसमोर अंडं धरताना मिटायची तसाच.
बराच वेळ काही बोलली नाही.

"हालूलालंय की," म्हणाली.

मग स्टुलावर बसत, दुसरंच काही सांगावं तसं:
"पुढच्या खेपेला अकरा पिल्लं निघाली, आठवतंय?
त्या मिरवणाऱ्याची नव्हंत ती.
कुंपणाखाली एक करडं हुतं, झडलेलं,
तुरा बी धड नव्हता त्येला. मी बघितलं हुतं."

मामाला सांगितलं नाहीस?

तिनं पदरानं मायक्रोस्कोपची काच पुसली,
जिथं तिचा डोळा टेकला होता तिथं.
"कशाला," म्हणाली,
"तेवढाच तर हुता."