टपरी उघडायच्या आधी

ऐका पोरांनो, सदतीस वर्षं मी
पोस्टाच्या खिडकीमागे काढली.
आता गुडघे कुरकुरतात, म्हणून ही आइस्क्रीमची टपरी तुमच्या हाती,
जून ते ऑगस्ट, तळ्याकाठी, डासांसकट.

कंपनीने पाठवलेला कागद भिंतीला डकवलाय:
प्रत्येक ग्राहकाचे हसतमुखाने स्वागत करा.
एतू काल दिवसभर हसत होता.
लोक दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.
आपल्या केमियार्वीत विनाकारण हसणारा
एक तर प्यायलेला असतो, नाहीतर काहीतरी विकायला आलेला.
(तू विकायलाच उभा आहेस, कबूल. तरी नको.)

हसू नका. मान वर करा.
फोन खाली, मान वर. आधी एवढंच.

आपल्या फिनिश भाषेत प्लीजला शब्द नाही.
ते हातांनी म्हणावं लागतं:
कोन द्यायचा तो कागद नीट गुंडाळून,
सुटे पैसे तळहातावर ठेवायचे, फळीवर नाही;
सपाट फळीवरचं नाणं
म्हाताऱ्या नखांना उचलत नाही.

सानेल्मा, तू विचारलंस, गिऱ्हाईक नेहमी बरोबरच असतं का.
छे! मंगळवारचा तो कारवानवाला
नाशपाती मागून पिस्त्यासाठी ओरडला,
चूक धडधडीत त्याची.
तू भांडली नाहीस, रडलीही नाहीस,
पण दुसरा कोन इतका सावकाश भरलास
की तुझा सगळा राग त्यात थापलेला दिसत होता.
तो राग त्याने नाही खाल्ला.
मागे रांगेत उभ्या सहा जणांनी खाल्ला.

गिऱ्हाईक देव वगैरे नसतं.
वाऱ्यात उभं असलेलं माणूस असतं.

आणि तू, व्हिल्यामी. तुझ्याशी वेगळं बोलायचंय.
नऊला बंद म्हणजे बंद, हे मीच शिकवलं.
काल नऊ वाजून सात मिनिटांनी, लख्ख उन्हात,
दवाखान्याच्या गणवेशातली एक बाई सायकल ढकलत आली
आणि तू अर्धं ओढलेलं शटर वीतभर वर केलंस.
मी गाडीतून पाहत होते.
तू हसला नाहीस. तीही नाही.
तिने उभ्याउभ्याच खाल्लं, डोळे मिटून,
आणि तू तोवर पुसलेलीच फळी पुन्हा पुसत राहिलास.

रागवायला उतरणार होते.
चार वाजून एक मिनिटाला
मी ती काच किती जणांच्या तोंडावर ओढली,
ते गाडीत बसून मोजायला लागले,
आणि उतरायचं राहिलं.

असो. कालचा गल्ला चाळीस सेंटनी कमी आहे.
ते बघ आधी.