मंडळाची खाट

आमच्या गावात एक खाट आहे,
जिच्यावर कुणाचंच नाव नाही.
पायथ्याशी हँडल, फिरवलं की डोकं वर येतं.
पाय चार, त्यातला एक कायम विटेवर.
भंडाऱ्यातला एक दवाखाना बंद पडला तेव्हा
बंधुभाव मंडळानं ती अकराशेला घेतली,
धानाच्या ट्रॅक्टरवर बांधून आणली.
पोट्टे मागं धावत होते, "कोन मेलं जी?"
कोणी मेलं नव्हतं.
डोमाजी न्हावी तिच्यावर बसून आला होता, पाय हलवत.

मंडळ म्हणजे अकरा माणसं.
डोमाजी, रज्जाक सायकलवाला, उके कंपाउंडर,
दंडारीत बाईचं सोंग घेणारा फागो,
आणि मी, पोस्टातून निवृत्त,
म्हणून रजिस्टर माझ्याकडं.
एकमेकांना भाऊ म्हणायचं, एवढा एकच नियम लिहिलेला.

रकाने चार:
कोणी नेली, कधी नेली, कधी आणली, सही.
का आणली, असा रकाना नाही.
पट्टी होती, जागा होती, मीच आखला नाही.
तुरस्कर मास्तरांनी चाळीस वर्षं दाखल्यांवर सह्या केल्या,
खाट परत आणली त्या दिवशी
अंगठा पुढं केला.
मी काही न बोलता शाईची डबी उघडली.

एकदा ती टोलीवरून निघून पाटलाकडं जायची होती.
पाटलाची सून दारात, हातात गोमूत्राचा तांब्या.
उके म्हणाला, "फिनाईल झालं बाई, दोन डाव.
आता सरका, बुढा उन्हात हाये."
सरकली.

मग वच्छला टेंभुर्णे.
नवरा मोहावरून पडला, सात महिने खाटेवर होता.
खाट परत आली ती गादीला नवी खोळ घालून,
हँडलला ग्रीस लावून.
विटेच्या जागी सागाचा ठोकळा, नीट मापाचा.
सही करून ती जाईना.
"खाट देता भाऊ, चांगलं हाये.
पन मानूस कसा पालटाचा, ते कोन सांगते?"

शाळेच्या पडवीत आम्ही अकरा जण बसलो.
फागो रोगी झाला, बाईच्या आवाजात कण्हला,
सगळे हसले.
वच्छलानं एक हात त्याच्या खांद्याखाली घातला,
एक कमरेखाली,
आणि पान उलटावं तसा त्याला कुशीवर घेतला.
"दर दोन घंट्यानं. टाच टेकू द्याची नाई.
पाठ कोरडी."
फागो उठून बसला.
त्यानंतर तो दिवसभर कोणाशी बोलला नाही.

तेव्हापासून खाट निघाली की
मागून रज्जाकच्या जुन्या सायकलीवर वच्छला निघते.
सभेत प्रश्न आला, बंधू मंडळात बाई कशी?
घटनेचा कागद शोधला, त्याला वाळवी लागलेली.
डोमाजी म्हणाला, "लिवून टाक, वच्छलाभाऊ."
ती म्हणाली, "भाऊ-बिऊ राहू द्या,
माह्या सायकलीचं पंक्चर कोन काढते ते सांगा."

या माघात रजिस्टर उघडलं
आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.
अक्षर ओळखू येईना मला माझंच.
चार भावांनी खाट दारातून तिरपी करून आत घेतली,
ठोकळा ठेवला,
खिडकीतून बोडी दिसेल अशी लावली.
मी हँडल फिरवलं. शेवंता वर आली, हळूहळू,
पाण्यावरचे बगळे बघत.

"हिच्यावर आजवर किती जनं झोपले?"

"मोजले नाई."

"पोस्टातला मानूस," ती हसली, "अन् मोजले नाई."

मी उशी नीट करायला लागलो, ती आधीच नीट होती.
बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला.
वच्छला आत आली, हात पदराला पुसत,
घड्याळाकडं बघत.

"दोन घंटे झाले. सरका, भाऊ."