नग एक

फोन आला तेव्हा आठ वाजले होते,
आणि बाहेर नीट उजाडलंही नव्हतं.
लेहतोवाराच्या चौकीत नोव्हेंबर असाच असतो.
दिवस येतो, टोपी न काढता दारात उभा राहतो,
दोनच्या सुमाराला निघून जातो.

"बाबांचं एक आहे," बाई म्हणाल्या.
"सौनाच्या माळ्यावर सापडलं."
काय, ते नाव घेईनात.
मी म्हटलं, हात लावू नका.
"लावला. आता टेबलावर आहे,
साखरेच्या डब्याशेजारी."
तोंड कुणीकडे आहे त्याचं?
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "भिंतीकडे. मीच फिरवलं.
आधी माझ्याकडे होतं."

चाळीस किलोमीटर.
वाटेत दोन रेनडियर, एक दुधाचा टँकर,
आणि तळ्यावर नुकती धरलेली साय.

औने कार्पिनेन, वय एक्क्याऐंशी.
दारात उभ्या, अंगावर चांगला कोट,
जणू मीच त्यांना न्यायला आले होते.
कॉफी दोन कपांत ओतून ठेवलेली.
मी आधी हातमोजे चढवले.

लोकरी मोजा, करडा, टाचेवर लाल पट्टी.
त्यात पिस्तूल, बाळासारखं गुंडाळलेलं.
लढाईवरून येताना सोबत आणलेलं,
मग ना नोंद, ना परवाना.
मॅगझिन काढलं. पाच गोळ्या.
सहावी नळीत होती.
ऐंशी वर्षं नळीत,
निघायच्या तयारीत बसलेल्या पाहुण्यासारखी.

"आम्ही लपाछपी तिथेच खेळायचो," बाई म्हणाल्या.
यावर मी काहीच बोलले नाही.
काडतूस पेटीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं,
मग झाकण लागलंय का ते पुन्हा पाहिलं.

फॉर्म काढला. वस्तूचं वर्णन. कुठे सापडली. कुणाची.
बाईंनी हळूच विचारलं, "शिक्षा होते का?"
स्वतःहून दिलंत, म्हणजे नाही.
"मला नाही हो. त्यांना."
बाबांना जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.
मी म्हटलं, त्यांनासुद्धा नाही.
तेव्हा कुठे त्यांनी कोटाची बटणं सोडली.

मग मी नियमाप्रमाणे सांगितलं:
निकामी करून परत मिळू शकतं, अर्ज करावा लागेल.
संग्रहालयाला हवं असेल तर तेही विचारता येतं.
नाहीतर वितळवतात.
"वितळवा," बाई म्हणाल्या,
भाजीवाल्याला पिशवी नको म्हणावं इतक्या सहज.
"पण मोजा द्या."

मोजा?
"आईनं विणला होता. एकच सापडायचा.
दुसरा वेइक्कोनं तळ्यात टाकला म्हणून
आईनं त्याला बडवला होता,
सरपणाच्या फोडीनं. सात वर्षांचा होता.
बाबा तिथेच बसले होते.
चिलीम भरत होते."

स्वयंपाकघरात घड्याळ होतं, ते आता ऐकू आलं.
कुणाला राग यावा असं काही समोर नव्हतं:
पेटी बंद, कॉफी गार,
आणि एक मोजा, त्यावर तेलाचा डाग,
नळीच्या आकाराचा.

फॉर्ममध्ये परत दिलेल्या वस्तूंना रकाना नाही.
मी समासात लिहिलं:
लोकरी मोजा, नग एक,
कुटुंबाच्या ताब्यात.
सही केली. बाईंनीही केली,
शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

"वेइक्को कुठे असतो?" मी दारात विचारलं.
"वेस्टरोसला. स्वीडन. कान गेलेत त्याचे.
मोठ्यानं बोलावं लागतं."

पेटी मी शेजारच्या सीटवर ठेवली
आणि तिला पट्टा लावला. का, ते ठाऊक नाही.
गाडी वळवताना खिडकीत बाई दिसल्या,
कानाला फोन, तोंड मोठं उघडलेलं,
आणि दुसरा हात मोज्यात, मनगटापर्यंत,
बोटं आतून हलत होती,
भोक कुठे पडलंय ते चाचपत.