सेकंड

टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणीला आहे,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सोळा वर्षं.
नग उजेडाला धरायचा, बोटं फिरवायची,
तुटका धागा, तेलाचा डाग, काठाची चूक
दिसली की डावीकडे. सेकंड.
नाही दिसली की उजवीकडे. फ्रेश.
हर्षिणीला हे पाठ आहे.
सुट्टीत कधी डबा घेऊन येते,
गाठोड्यावर बसून माझ्याआधी बोलते:
फ्रेश, फ्रेश, सेकंड, फ्रेश.

मार्चमध्ये, ऊन एकेचाळीसवर गेलं त्या आठवड्यात
दुसरं बाळ आलं.
सिव्हिलमधून रिक्षानं आणलं, ओल्या पंचाचा पडदा लावून.
राजम्मा मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला,
दुपट्यात वाकून पाहिलं.
'ही पण मुलगीच,' म्हणाली
आणि 'पण'वर किंचित थांबली,
मी थांबतो तशी,
बोटाला गाठ लागली की.

अंबिका म्हणते, बघ, तुझी चेल्ली.
हर्षिणी मराठीतून उत्तर देते: माझी नाही.
मोराच्या चादरीवर ती आईजवळ झोपायची,
आता सतरंजीवर, माझ्याजवळ,
पाय माझ्या पोटात रोवून.
आतून रडणं आलं की
तिचं बोट माझ्या बनियनच्या भोकात जातं.
भोक रोज थोडं मोठं होतंय.

एका रात्री अंधारातच म्हणाली,
पप्पा, बाळ सेकंडमध्ये निघालंय ना?
कोण म्हणालं?
सगळेच. दवाखान्यातली बाई पण. 'सेकंड का?' म्हणाली,
आणि आई 'हो' म्हणाली.
मग देऊन टाक की स्वस्तात.
मंगळवार बाजारात ढीग लावतात तसं.

हसलो असतो तर बरं झालं असतं.
मी म्हणालो, माणसांचं तसं नसतं गं.
ती काहीच बोलली नाही,
आणि माझंच वाक्य मला कच्च्या रंगाचं वाटलं,
पहिल्या धुण्यात जाणारं.

पाण्याचा पाचवा दिवस.
पहाटे साडेतीनला नळ आला.
मोटर लावली, पिंपात पाइप सोडला, घागरी ओळीत मांडल्या,
तोवर आत बाळ सुरू झालं.
अंबिका गाढ, तीन रात्रींची झोप एकदम आलेली.
मी हात पुसत येईतो
रडणं थांबलं.

दारातून पाहिलं.
हर्षिणीनं लाइट लावला होता.
दुपटं सोडलं होतं. बाळ उचललं नव्हतं,
तेवढं तिला कळतं.
एकेक बोट उलगडून पाहिलं,
कानाची पाळी, मानेची वळी,
मग हलकेच कुशीवर करून पाठ,
काठापासून काठापर्यंत, घाई न करता.
हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.
कमरेखाली निळसर डाग,
रुपयाएवढा.
ती थांबली.
मीही.
बाहेर पिंप भरून वाहायला लागलं होतं,
पाच दिवसांचं पाणी मोरीत चाललं होतं
आणि मला हलता येईना.

'डाग आहे,' ती म्हणाली.
मला की बाळाला, कळलं नाही.
मग दुपटं बांधायला घेतलं, घडी चुकली,
सोडून पुन्हा घातली, पुन्हा चुकली, तशीच ठेवली.
बाळाला उजवीकडे सरकवलं, जरासंच, आईच्या पाठीशी,
आणि मोराच्या पिसाऱ्यावर जी वीतभर जागा उरली
तिच्यात अंग चोरून आडवी झाली.

सकाळी दात घासताना म्हणाली,
हिला सांग गप बस म्हणून,
नाहीतर खरंच बाजारात नेणार मी.
चूळ भरली, विचार केला.
पण ढिगात नाही हं.
वेगळी ठेवायची.
आणि भाव मी सांगणार,
कुणाला परवडणार नाही असा.