फीत पांढरीच राहिली तर

रुवैस. ऑगस्ट. पहाटेचे साडेतीन.
गाडीतून उतरलं की चष्म्यावर समुद्र बसतो,
तो पुसत पुसत ॲनालायझरच्या खोलीपर्यंत चालायचं
खारट, फुगलेल्या जमिनीवरून.

तीन-बी तीन दिवस शून्य दाखवतोय.
कंट्रोल रूममध्ये कुणाची तक्रार नाही.
शून्याबद्दल कोण कशाला तक्रार करेल?
वहीत बदरुद्दीननं लिहिलंय, नॉर्मल.
खाली रोदेलनं, नॉर्मल.
त्याच्याखाली कालच्या रात्री, माझ्याच अक्षरात.

हा वायू नाकाला फसवतो.
थोडा असला की सडक्या अंड्याचा वास,
जास्त झाला की आधी नाकच मारतो,
मग उरलेला माणूस.
म्हणून नाकाऐवजी ही कागदाची फीत:
शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेली,
बोटभर रुंद,
दर काही मिनिटांनी पुढे सरकणारी.
वायू लागला की तपकिरी पडते.
किती तपकिरी, ते एक दिवा बघून सांगतो.
एवढंच.

झाकण काढलं.
फीत तुटलेली नाही. रीळ फिरतंय.
तुटलेला धागा मला अंधारातही कळतो,
इचलकरंजीत शाळेआधी कांड्या भरल्यात मी.
आडवा धागा तुटला की माग आपणहून थांबायचा
आणि त्या शांततेनं आप्पा दचकायचे.
हे यंत्र थांबत नाही.
कोरी फीत सोडतं,
कोरीच गुंडाळून घेतं.

काच पुसली.
फिल्टर बदलला, त्यात वाळू, मैद्यासारखी.
नळीतला गोळा तरंगतोय, म्हणजे प्रवाह आहे.
मग लक्षात आलं, काय नाही ते.
वास नाही.
व्हिनेगरचा, चायनीजच्या गाडीवरचा तो वास,
एरवी झाकण काढताच डोळ्यांत जाणारा.
बाटली उजेडात धरली.
तळाला पांढरी कड, बाकी हवा.

कोरड्या फितीवर डाग उमटत नाही.
ओल लागते.

बाटली भरली. दहा मिनिटं थांबलो.
सिलिंडरमधला मोजलेला वायू सोडला,
ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं.
डाग आला, पातळ चहाचा.
मग परत लाईनवर घेतलं.
चार.
धोक्याचं नाही चार.
पण शून्य नव्हतं, तीन दिवस.

शुक्रवारी आप्पांना फोन असतो.
एकतीस वर्षं मागावर, कान गेलेत,
प्रश्न पोचायच्या आत उत्तर निघतं:
बरं हाय सगळं. तुझं बोल.
मी माझं बोलतो.
सहा वर्षं, दर शुक्रवारी.

ताई म्हणाली, गेल्या आठवड्यात न्हाणीत पडले,
मनगटाला प्लास्टर आहे,
आणि त्याला कळवायचं नाही असं बजावलंय.
तर या वेळी तेवढंच विचारेन,
कुठला हात, आप्पा?
ओरडून विचारेन, आणि मग गप्प बसेन.
दहा मिनिटं लागली तरी.
बॅलन्स भरून ठेवलाय.

वापरलेली फीत पिशवीत बांधली, हातमोजे न काढता.
शिसं आहे, कोरी असली तरी.
वहीत कालच्या माझ्या नॉर्मलवर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी, तसा नियम आहे,
शेजारी सही, चार पन्नास,
आणि लिहिलं:
बाटली कोरडी होती.