बटण नसलेले दिवे

मालगाडीच्या शेपटाला जोडून आले चार डबे,
प्रतापनगरच्या शेडबाहेर उभे राहिले
मार्चअखेरच्या दुपारी.
कोलकात्याच्या भुयारातले, परमार म्हणाले,
जन्मात ऊन पाहिलं नाही यांनी,
जरा सांभाळून, मालुसरेबेन.

ते काही खरं नव्हतं.
रात्री डेपोत झोपायला वर येतच असतील.
पण परमारांना असं बोलायला आवडतं
आणि रिटायरमेंटला चारच महिने होते त्यांच्या.

इद्रीसनं आधी खालचा बूट कापला,
तो लोखंडी तळवा, ज्यानं हे डबे तीस वर्षं
तिसऱ्या रुळावरची वीज चाटत पळाले.
आपल्याकडे रूळ दोनच.
मग पुढच्या डब्याच्या पोटात डिझेलचं इंजिन
आणि धुरासाठी छताला भोक.
भोक पाडताना इद्रीस हळूच म्हणाला,
माफ करजे, भाई.

माझ्याकडे वायरिंग.
वायरींवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर बंगाली अक्षरं.
वाचता येईनात. हात मात्र ओळखता आला:
गाठ डावीकडून मारणारा,
टेपचे दोन वेढे जास्त देणारा,
स्टोअरच्या मालावर भरवसा नसलेला माणूस.

तीन दिवस बटण शोधलं.
पॅनेल उघडलं, नकाशा जमिनीवर पसरला,
वर टिफिनचा डबा ठेवला उडू नये म्हणून.
दिव्यांना बटणच नव्हतं.
गाडी जिवंत तर दिवे जिवंत, एवढंच.
भुयारात कोण कुणाला विचारणार,
उजाडलं का?

मी बसवलं.
काळं, साधं, स्वयंपाकघरात असतं तसं,
मंगळबाजारातून, स्वतःच्या पैशानं,
कारण स्टोअरचं यायला दिवाळी उजाडली असती.
दाबलं.
डबा दिवसा दिवसासारखा झाला.
बाकाखाली ऊन गेलं,
तिथं एक शार्पनर, सुपारीचं खांड,
आणि पत्र्यावर कुणी खिळ्यानं कोरलेली दोन नावं,
मध्ये अधिकचं चिन्ह. ते कुठल्याही लिपीत वाचता येतं.
रंग मारून टाका, साहेब म्हणाले.
मी पेंटर दिघ्यांना दोनदा चहा पाजला.
नावं आहेत अजून.

पहिली फेरी चांदोदची.
थुवावीला बायका चढल्या वांग्यांच्या टोपल्या घेऊन
आणि दारातच थबकल्या.
बाकं भिंतीला लावलेली, लांबच्या लांब,
माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा,
मुलगी बघायला आल्यासारखी.
खिडकी पाठीमागे.
तिकडे बाहेर पाहायचं काय होतं? भिंत.
इथे कपाशी, एरंडी, बांधावर मोर,
कुणाचा तरी जावई मोटरसायकलवर गाडीशी शर्यत लावून.
एका म्हातारीनं चपला काढल्या,
बाकावर वळून गुडघे टेकले
आणि तोंड काचेला लावलं.
मग शेजारचीनं. मग समोरच्या शिक्षकानं, इकडेतिकडे बघून.
डभोई येईपर्यंत अख्खी गाडी तशीच,
सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे.

गाडी कुठली, एकानं विचारलं.
प्रतापनगरची.
आणि तुम्ही?
तिथलीच.
माझ्या गुजरातीतला हेल ऐकून तो हसला.
दांडिया बाजार, पाच पिढ्या, मी म्हणाले,
आणि उगाच पक्कड पुसत बसले.

चौथ्या डब्यात शेवटच्या दारावरचा दिवा
मी बटणाला जोडला नाही.
जुन्याच वायरीवर आहे, त्या डावऱ्या गाठीसकट.
तपासणीच्या वहीत दर महिन्याला लिहून येतं:
दिवा क्रमांक अठरा बंद होत नाही.
खाली शेरा, माझ्या अक्षरात:
पाहिला.