उशिरा पोचलेली नोंद

जळकोटच्या पुढं रस्ता खाली उतरतो
आणि तिरूच्या काठाशी फोनवरची शेवटची दांडी मिटते.
नागोराव केंद्रे गाडी थांबवत नाहीत.
त्यांच्या दोन्ही पायांत लशीचा थंड डबा,
पाठीमागं मी, आणि माझ्या पिशवीतल्या फोनमध्ये
मीच लिहिलेलं ॲप.

पहिल्याच गोठ्यात गाईच्या कानात पिवळा बिल्ला,
बिल्ल्यावर बारा आकडे.
लस टोचली, आकडे टाकले, बटण दाबलं.
चक्र फिरत राहिलं, मग माझंच वाक्य आलं:
नेटवर्क नाही. पुन्हा प्रयत्न करा.
नागोरावांनी ते मोठ्यानं वाचलं
आणि गाईला म्हणाले, "ऐकलंस का गं?
मॅडम म्हणत्यात, परत टोचून घे."

हे वाक्य मी पुण्यात लिहिलं होतं, सातव्या मजल्यावर.
तिथं नेटवर्कचं कुणी नावही काढत नाही.

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून
शेवटचे चार आकडे तळहातावर लिहिले.
दुपारपर्यंत तळहात भरला, मग मनगट,
मग बाही सारून कोपरापर्यंत.
संध्याकाळी हात धुवायच्या आधी सगळं डायरीत उतरलं.
एकच आकडा घामानं फिसकटला होता, तीन की आठ.
"ती व्हय? मोडक्या शिंगाची. आठ."

तो हात बघून मी रांग लिहिली.
नोंद आधी फोनच्या पोटात जाईल,
टॉवर दिसला की एकेक करून वर चढेल,
अर्ध्यात तुटली तर पुन्हा,
आणि दोनदा पोचली तरी गाय एकच मोजली जाईल.
मला वाटलं, झालं.

मग अयोध्याबाईंची शेवरी.
सोमवारी टोचली. बुधवारी साप चावून मेली.
मेल्याची नोंद तालुक्याच्या दवाखान्यातून लगेच गेली, तिथं वायफाय आहे.
सोमवारची नोंद मात्र नागोरावांच्या फोनमध्ये,
आणि फोन काच बदलायला दुकानात.
जी शेवटी येईल ती खरी, असं मी लिहून ठेवलेलं.
शनिवारी शेवरी जिवंत झाली.
अयोध्याबाईंना मेसेज गेला,
आपल्या जनावराचा दुसरा डोस एकवीस तारखेला.

शेजारच्या पोराकडून त्यांनी तो वाचून घेतला
आणि खालच्या नंबरवर फोन लावला. नंबर माझा होता.
रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं,
"ताई, तुमच्याकडं ती कुठं दिसतीया?"
मी हॅलो, हॅलो म्हणत राहिले,
आवाज येत नाहीये, म्हणत राहिले.
माझ्या फोनवर चारही दांड्या होत्या.

नागोरावांना सांगितलं, तर ते
गुळाचा चहा बशीत ओतत म्हणाले,
"आमचा चुलता हैद्राबादला वारला,
पत्र आलं बाराव्या दिवशी.
दहाच्या आत कळलं तर राहिलेले दिवस सुतक धरायचं,
दहा उलटले तर तीन,
वर्षानं कळलं तर डोक्यावरून आंघोळ.
कळायला उशीर हुणारच की, त्याला नियम हाय.
पण माणूस मेला कवा,
ते पत्राच्या तारखेनं बदलत नसतंय."

त्या रात्री मी प्रत्येक नोंदीला दोन रकाने दिले.
घडल्याची वेळ.
कळल्याची वेळ.
आणि ते जुनं वाक्य खोडून टाकलं. आता पडद्यावर येतं:
लिहून घेतलंय. पुढच्या गोठ्याकडं चला.

एक मात्र अजून सुटलेलं नाही.
बॅटरी पार उतरली की नागोरावांचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.
परवा तेवीस गाई टोचल्याची नोंद आली,
घडल्याची वेळ: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
ते हसले. "तवा मी जन्मलोच नव्हतो,
पण टोचल्यात मात्र मीच."
डायरी काढून दाखवली.
ती तारीख मी अजून तशीच ठेवली आहे,
लाल रंगात,
कुणीतरी येऊन खरं काय ते सांगेपर्यंत.